बशीतली नोट

गेल्या पावसाळ्यात आम्ही ऑफिसातले सात जण ठाण्याहून जव्हारला गेलो होतो. गाव माझं, म्हणून गाइडही मीच. दाभोसा धबधबा, हनुमान पॉइंट, जयविलास पॅलेस असा नेहमीचा फेरा झाला आणि दुपारी तीनच्या सुमारास ओलेचिंब होऊन बाजारातल्या एका हॉटेलात जेवायला बसलो. जेवण झालं, बडीशेपेच्या बशीत बिल आलं. २,३४० रुपये. एकाने काउंटरवरचा क्यूआर स्कॅन केला, स्प्लिटवाइजवर सात वाटे पडले आणि मग कुणीतरी विचारलं, "टीप किती ठेवायची?"

दोन वर्षं ऑनसाइट राहून आलेला म्हणाला, "तिकडे वीस टक्के. कमी दिलेस तर वेटर तोंडावर विचारतो, काही चुकलं का म्हणून." दुसरा म्हणाला, "पगार मालकाने द्यायचा की आपण?" तिसऱ्याने विषय संपवला, "वीस रुपये ठेव रे. हे जव्हार आहे, लोअर परळ नाही."

मी काहीच बोललो नाही, कारण माझं लक्ष टेबल पुसणाऱ्याकडे होतं. "साहेब, अजून काही आणू?" असं तो मघापासून आम्हाला विचारत होता. माझ्याकडे न बघता. सातवी ते दहावी आम्ही एका बाकावर बसायचो. त्याने मला आल्या आल्या ओळखलं होतं, मला तो ओळखू यायला अर्धं जेवण लागलं.

सगळे गाडीकडे गेल्यावर मी मागे राहिलो आणि बेसिनपाशी त्याच्या मुठीत पाचशेची नोट कोंबली. त्याने ती उघडून बघितली आणि परत दिली. म्हणाला, "असं चोरून कशाला देतोस? द्यायचंय तर सगळे ठेवतात तसं टेबलावर ठेव ना."

गाडी विक्रमगडच्या पुढे जाईपर्यंत मला त्याचा राग येत होता. मग हळूहळू लक्षात आलं की बरोबर तोच होता. फक्त का बरोबर होता, ते मला सांगता येत नव्हतं. त्यानंतरचे काही महिने मी टीप या प्रकाराचा इतिहास जमेल तसा वाचत गेलो. हा लेख त्यातून आलेला.

देणारा बक्षी

आपल्याकडे 'टीप' हा शब्द अलीकडचा. त्याआधी होता बक्षीस. मूळ फारसी 'बख्शीदन', म्हणजे देणं आणि माफ करणं, दोन्ही. हिंदी सिनेमात गुंड गयावया करतो, "मुझे बख्श दो", तोच हा शब्द. म्हणजे बक्षीस म्हणजे नुसते पैसे नव्हेत. देणाऱ्याची मर्जी आणि घेणाऱ्याची सुटका हे दोन्ही अर्थ त्यात आहेत.

याच धातूतून आणखी एक शब्द आला, बक्षी. मोगल दरबारात मीर बक्षी हा फार मोठा अधिकारी. सैन्याच्या नेमणुका, हजेरी आणि पगार त्याच्या हाताखाली. मला हे वाचून थांबावंसं वाटलं. पगार वाटणाऱ्याच्या हुद्द्याचं नावच 'देणारा' असं आहे. ज्या काळी सगळंच राजाचं होतं, त्या काळी शिपायाचा पगार आणि राजाची कृपा यांत शब्दापुरता तरी फरक नव्हता.

गावगाड्यात मात्र दुसरी रीत होती. सुतार, लोहार, कुंभार यांना खळ्यावर बलुतं मिळायचं. ते कामाचा वाटा म्हणून होतं, वहिवाटीने ठरलेलं होतं आणि खळ्यावर उभं राहून मागता येत होतं. त्या व्यवस्थेत जातीची बेडी होती आणि कोणाच्या वाट्याला किती अपमान येईल तेही ठरलेलं होतं, म्हणून तिचे गोडवे गायचं कारण नाही. पण मर्जीने मिळतं ते आणि हक्काने मिळतं ते, हे दोन खाने आपल्या भाषेत फार आधीपासून वेगळे आहेत. एका खान्यात बक्षीस, इनाम, तमाशातली दौलतजादा. दुसऱ्यात बलुतं, मजुरी, गवयाची ठरवलेली बिदागी. दिवाळीची पोस्त दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. देणारा म्हणतो खुशीने देतोय, आणि घेणाऱ्याला ठाऊक असतं की ती न देऊन चालणार नाही.

बिलाच्या बशीतली नोट नेमकी कुठल्या खान्यातली, एवढाच खरा प्रश्न आहे. किती टक्के, हा त्याच्यानंतरचा.

कातड्याएवढी जमीन

आमच्या जव्हारची सुरुवातच एका देण्याच्या गोष्टीने होते. गॅझेटियरमध्येही ती नोंदवलेली आहे. मुकणे घराण्याचं राज्य येण्याआधी इथे एक वारली राजा होता म्हणतात. महादेव कोळ्यांचा नायक त्याच्याकडे गेला आणि बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली. राजाने हसून दिली. नायकाने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडली आणि त्या घेरात अख्खा मुलूख घेतला. हीच गोष्ट भूमध्य समुद्राकाठी कार्थेजची राणी डायडो हिच्याबद्दलही सांगतात. खरीखोटी कशी ठरवणार? पण लहानपणी आम्ही ती नायकाच्या हुशारीची गोष्ट म्हणून ऐकली. आता वाटतं, ती वारली राजाचीही गोष्ट आहे. एवढंसं देतोय म्हणून जो हसतो, त्याला आपण नक्की काय देतोय हे कळलेलं नसतं.

पुढे १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने इथल्या नेमशहाला राजा म्हणून मान्यता दिली, आणि त्या दिवसापासून जव्हार संस्थानाने स्वतःचा शक चालवला. राज्याचं कॅलेंडरच वरून आलेल्या देणगीपासून सुरू झालं. जव्हारजवळच्या शिरपामाळची आठवण उलट्या दिशेची आहे. सुरतेवर जाताना शिवाजी महाराज तिथे थांबले, विक्रमशहा राजांनी त्यांचं स्वागत करून शिरपेचात मानाचा तुरा खोवला, असं इथे सांगतात. सुरतेची ती स्वारी जानेवारी १६६४ ची.

दरबारी जगात पैसा आणि मान अशा दोनच दिशांनी फिरायचा. खालून वर गेला तर नजराणा, वरून खाली आला तर बक्षीस. बरोबरीच्या दोघांमध्ये आडवा जाणारा व्यवहार म्हणजे दाम. हॉटेलात टेबलाशी बसलेला आणि टेबलापाशी उभा असलेला, हे दोघं बरोबरीचे आहेत की नाहीत, हे नोट कुठल्या दिशेने सरकते त्यावरून कळतं.

अमेरिकेत वीस टक्के कुठून आले

माझ्या ऑनसाइटवाल्या मित्राला वाटतं की टीप ही अमेरिकन सभ्यता आहे. तिथे ती आधी असभ्य मानली जायची.

मूळ चाल युरोपातली. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये कुणाच्या घरी पाहुणा गेलात तर निघताना नोकर रांगेत उभे राहत आणि प्रत्येकाच्या हातावर काहीतरी ठेवावं लागे. ते इतकं वाढलं की मालकांनी मिळून ही चाल बंद करायचे प्रयत्न केले आणि नोकर संतापले. संतापणारच, कारण ते पैसे येतात म्हणून मालकांनी पगार तेवढे कमी धरलेले असायचे.

अमेरिकेत यादवी युद्धानंतर ही चाल पसरली. गुलामगिरी कायद्याने संपली होती, पण सुटलेल्या माणसांना पूर्ण पगार द्यायची तयारी नव्हती. पुलमन कंपनीने रेल्वेच्या झोपायच्या डब्यांवर पोर्टर म्हणून कृष्णवर्णीय माणसं नेमली, पगार मोजका ठेवला आणि बाकीचं प्रवाशांच्या मर्जीवर सोडलं. मालकाचं नाव जॉर्ज पुलमन, म्हणून प्रवासी प्रत्येक पोर्टरला 'जॉर्ज' अशी हाक मारत. गुलामाला मालकाच्या नावाने हाक मारायची जुनी पद्धतच ती. आपल्याकडे 'ए बारक्या', 'ए पोऱ्या' म्हणतात, तसंच काहीसं. जो माणूस मर्जीवर जगतो, त्याचं नाव विचारायची गरज कुणाला पडत नाही.

अमेरिकेतच याला विरोधही झाला. लोकशाही देशात एकाने दुसऱ्यापुढे हात पसरायचा हे चालणार नाही, असं म्हणत १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने टीप देण्या-घेण्यावर बंदी घातली. पुढच्या काही वर्षांत आणखी पाच राज्यांनी तसे कायदे केले. १९२६ पर्यंत सगळे रद्द झाले. पोर्टरांनी वेगळा मार्ग धरला. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली युनियन केली आणि १९३७ मध्ये कंपनीला करारावर सही करायला लावली. त्यांना मोठी टीप नको होती, ठरलेला पगार आणि ठरलेले तास हवे होते.

वेटरांच्या वाट्याला ते आलं नाही. १९६६ च्या दुरुस्तीने अमेरिकी कायद्याने टीप ही किमान वेतनाचाच भाग धरायची मुभा मालकांना दिली. टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २ डॉलर १३ सेंटवर अडकलेलं आहे. उरलेलं टीपमधून भरून निघतं, असं गृहीत. काही राज्यांनी स्वतःचे दर वाढवले आहेत, पण वीस टक्क्यांच्या मागे मुख्य हिशेब हा आहे. ग्राहक तिथे खुश होऊन बक्षीस देत नसतो, मालकाने न दिलेला पगार भरत असतो. फ्रान्समध्ये उलट आहे. १९८७ पासून मेनूवर लिहिलेल्या किमतीतच सेवेचा आकार धरलेला असतो, वर चिल्लर ठेवली तर ठेवली.

पाचशे पौंड गवताचा दर

हे सगळं वाचताना मला वाटत होतं की मी फार लांब आलोय. मग तलवाड्याचं वाचलं. तलवाडा आमच्याकडून डोंगर उतरून गेलं की लागतं, आज ते विक्रमगड तालुक्यात आहे.

१९४५ पर्यंत डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत वारली लोक जमीनदारांच्या शेतावर वेठीने राबत होते. लग्नासाठी कर्ज काढलेलं जोडपं आयुष्यभर सावकाराकडे अडकायचं, त्याला 'लग्नगडी' म्हणत. कामाला दर नव्हता. काम झाल्यावर मालक मर्जीने देईल ते घ्यायचं, नाहीतर मार खायचा. त्या वर्षी किसान सभेच्या गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर वारली उभे राहिले, वेठ बंद झाली, आणि मग गवतकापणीच्या हंगामात त्यांनी एक मागणी केली. पाचशे पौंड गवत कापायचे अडीच रुपये.

ही मागणी मी पुन्हा पुन्हा वाचली. यात जमीनदाराच्या दयाळूपणाबद्दल काही नाही. किती काम, किती पैसे, एवढंच आहे. एवढ्यावर ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याच्याबरोबरचे चार जण, असे पाच आदिवासी मेले. संप मोडला नाही. गोदावरीबाईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं आहे. ते १९७० मध्ये निघालं आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आमच्या भागातल्या माणसांना मर्जी आणि दर यांतला फरक पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. माझा बाकावरचा सोबती वारलीच आहे. त्याने मुठीतली नोट परत दिली तेव्हा तो काही इतिहास आठवत नसणार. पण 'चोरून कशाला' हा प्रश्न त्याला सुचला आणि मला सुचला नाही.

बशी आणि क्यूआर

मुंबईत हॉटेलं वाढली ती गिरण्या, गोदी आणि ऑफिसांमागे. आधी खानावळी, इराण्यांची हॉटेलं, मग उडुपी. इराण्याकडे वेटर टेबलावरूनच ओरडून गल्ल्यावर हिशेब सांगायचा. उडुप्याकडे कागदी बिल आणि बडीशेपेची बशी आली. बशीत सुटे परत यायचे आणि त्यातले काही तिथेच राहायचे. किती ठेवायचे याचा नियम कुणी लिहिला नाही. गिऱ्हाइकाने नाणी मोजत बसणं बरं दिसत नाही आणि वेटरने हात पुढे करणंही बरं दिसत नाही, त्या अडचणीतून बशीने वाट काढली. पैसे एका हातातून दुसऱ्या हातात जात नाहीत, टेबलावर राहतात. गिऱ्हाईक उठून जातं, वेटर टेबल पुसायला येतो. कुणाला कुणाकडे बघावं लागत नाही.

याच हॉटेलांत कपबशा विसळणारी पोरंही होती. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात आणि धाब्यावर कामाला ठेवायला बंदी आली ती ऑक्टोबर २००६ मध्ये. मी तेव्हा शाळेत होतो, माझ्यापेक्षा लहान मुलं बाजारात टेबलं पुसताना बघत होतो आणि त्यात काही वावगं आहे असं मला वाटत नव्हतं.

मोठ्या शहरांत मग सर्व्हिस चार्ज आला. बिलातच पाच-दहा टक्के, न विचारता. लोकांना तो सरकारी कर वाटायचा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की असा आकार बिलात आपोआप लावायचा नाही. हॉटेलचालक कोर्टात गेले, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचं म्हणणं कायम ठेवलं. त्याआधी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका करप्रकरणात म्हटलं होतं की कार्डाने दिलेली टीप हॉटेलने कामगारांना वाटली तरी तो मालकाने दिलेला पगार होत नाही. ते ग्राहकाचे पैसे, मालकाच्या हातून फक्त पुढे गेलेले.

म्हणजे कायद्याच्या लेखी आपल्याकडे टीप ही स्वखुशी आहे आणि ती पगाराची जागा घेत नाही. कागदावर आपण अमेरिकेपेक्षा बरे आहोत. पण त्याच २०१६ मध्ये यूपीआय आलं, नोटबंदी झाली, आणि काही वर्षांत जव्हारच्या भाजीवालीकडेही क्यूआर लागला. हॉटेलातला क्यूआर मालकाचा असतो. बिल २,३४० असेल तर २,३४० च जातात, पैशापर्यंत. सुटे परत येत नाहीत, त्यामुळे बशीत काही राहत नाही. कुणी ठरवून वेटरची टीप काढून घेतली नाही, ती आपली सोय होता होता गेली. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'फ्रिक्शन' कमी करणं म्हणतो. त्या फ्रिक्शनमध्ये एका माणसाचा संध्याकाळचा भाजीचा खर्च अडकलेला होता हे आमच्या कुठल्या मीटिंगमध्ये येत नाही.

दिवाळीत मी त्याला भेटलो तेव्हा त्याने हेच सांगितलं. आधी पावसाळ्यातल्या रविवारी बशीतून शंभर-दीडशे सुटायचे. आता गर्दी दुप्पट आहे आणि दिवसाला तीस-चाळीस मिळाले तरी खूप. पगार महिना नऊ हजार, दोन वेळचं जेवण. "पगार वाढवून मागितलास का?" मी विचारलं. तो म्हणाला, "मालक म्हणतो, तुला वरचे मिळतात ना."

न मिळणारी टीपही पगाराच्या आड येते, ती अशी.

मग किती?

आधी स्वतःचं सांगतो. माझ्या पगारात 'व्हेरिएबल पे' नावाचा भाग आहे. वर्षाच्या शेवटी मॅनेजरच्या मर्जीने त्याचे किती टक्के मिळणार हे ठरतं. कमी आला तर मी चिडून ईमेल लिहितो, माझे पैसे कापले म्हणतो. त्याला मी कधी बक्षीस म्हटलेलं नाही. आणि तरी त्या दुपारी मी माझ्या मित्राला बेसिनपाशी बक्षीस द्यायला निघालो होतो, वरून खाली, मूठ झाकून. वर पाचशे म्हणजे बिलाच्या वीस टक्क्यांहून जास्त. त्यात त्याच्या कामाचं मोल नव्हतं. मी गाव सोडून पुढे गेलो आणि तो तिथेच राहिला, याची टोचणी होती. ती टोचणी त्याने का बाळगावी?

म्हणून आता मी एक दर धरला आहे. बसून जेवलो, कुणी वाढलं, तर बिलाच्या दहा टक्के. जीएसटी सोडून मूळ रकमेवर. दीडशेची राइसप्लेट असेल तर सरळ वीस रुपये. बिलात सर्व्हिस चार्ज असेल तर तो काढायला सांगतो आणि तेवढे रोख ठेवतो. यासाठी पाकिटात दहा-वीस-पन्नासच्या नोटा बाळगतो. ओळखीचा असो की अनोळखी, लोअर परळ असो की जव्हार, दर तोच. जागा बघून दर बदलला की तो दर राहत नाही, मर्जी होते. सेवा वाईट वाटली तर तक्रार काउंटरवर करतो, टीप कापून नाही. आणि टेबलावर ठेवतो, सगळ्यांच्या देखत.

यावर माझा दुसरा मित्र म्हणतो की पगार मालकानेच द्यायला हवा. त्याचं बरोबर आहे. तलवाड्याच्या लोकांनीही तेच म्हटलं असतं. दहा टक्के ही त्या पगाराची भरपाई नाही आणि मी ती तशी समजून देत नाही. पण पगार वाढेपर्यंत बशी रिकामी ठेवून मालकाला कुणी धडा शिकवल्याचं मला इतिहासात कुठे सापडलं नाही. अमेरिकेतल्या त्या सहा राज्यांनाही जमलं नाही.

दिवाळीच्या त्या दिवशी मी तिथेच जेवलो. एकटाच होतो. बिल १९० झालं, ते स्कॅन करून भरलं आणि बशीत वीसची नोट ठेवली. तो आला, टेबल पुसलं, नोट खिशात घातली. "चहा घेणार का रे?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. त्याची सुट्टीची वेळ झाली होती, म्हणून तो दोन कप घेऊन आला आणि समोर बसला. चहाचे पैसे त्याने दिले.